खाडीच्या मुखातील गाळ पुन्हा का साचतो?

प्रश्न : आमच्या खाडीच्या मुखातील गाळ दोन वर्षांपूर्वी काढला होता, तरी सुकतीला नौका पुन्हा तळाला टेकू लागल्या आहेत. काम निकृष्ट झाले असे समजावे काय?

उत्तर : तेवढ्यावरून तसे समजू नये. नदी खाडीच्या मुखाशी रुंदावते, तिचा वेग मंदावतो आणि तिने आणलेला गाळ खाली बसतो. शिवाय चिकणमातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून जड होतात. पावसाळ्यातील गढूळ पाणी दोन पेल्यांत घेऊन एकात चिमूटभर मीठ टाकल्यास तो पेला आधी निवळताना दिसेल. त्यातच पावसाळी लाटा समुद्राकडून वाळू लोटतात. गोव्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पावसाळ्यात असाच वाळूचा दांडा तयार होतो, म्हणून खनिज वाहणारे बार्ज त्या काळात कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत.

खोदलेला मार्ग भोवतालच्या तळापेक्षा खोल असल्याने गाळ त्यातच उतरतो, त्यामुळे गाळ काढणे हे विहीर खणण्यासारखे एकदाच करायचे काम नसून नियमित देखभाल आहे. तरीही तुमची शंका रास्त आहे. उपसलेला गाळ कोठे टाकला, हे अवश्य विचारा, कारण तो मुखाजवळच टाकला असेल तर भरतीबरोबर परत येतो. उपशाच्या आधीचे आणि नंतरचे खोली-मोजणीचे नकाशेही मागा. माझ्या मते, ते पाहिल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नये.