बाललैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात सरसकट फाशी का देत नाहीत? कायदा आणखी कडक करायला नको का?

फाशी आहे हो. 2019 साली पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, दुरुस्ती झाली तेव्हापासून आहे. सर्वांत गंभीर प्रकारात कमीत कमी वीस वर्षं, पुढे जन्मठेप आणि त्याच्याही पुढे फाशी. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत किमान शिक्षा वीस वर्षं केली, तीही त्याच दुरुस्तीने. आपल्या राज्याने डिसेंबर 2021 मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात आणखी कडक कलमं होती, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला तेव्हा यातलं पॉक्सो पूर्ण लागू होतं. तिथे लोक रुळांवर उतरले ते शिक्षा कमी आहे म्हणून नव्हे. तक्रार घ्यायलाच उशीर झाला म्हणून उतरले.

तेव्हा ‘कडक’ म्हणजे काय, हे आधी ठरवा. मला विचाराल तर शिक्षेचं टोक पुरेसं कडक आहे. तक्रारीचं टोक पार भुसभुशीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात पोलीस पाटील होते. गाव सांगणार नाही, साल सांगणार नाही. मुलगा होता की मुलगी तेही सांगणार नाही, आपलं ‘पोर’ म्हणते. पॉक्सोचं कलम 23 ओळख उघड करायला मनाई करतं आणि हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, त्यामुळे अडत काहीच नाही.

मे महिना होता. घराघरांत चाकरमानी. पोराची आजी वाटीभर विरजणाचं निमित्त करून आली आणि विरजण न घेताच पडवीत बसून राहिली. मग म्हणाली, “बाय, तू सरकारची माणूस ना? मग तुलाच सांगतंय.” नात्यातलाच होता, सुट्टीला मुंबईहून आलेला. पोराने आईला आधी सांगितलं होतं, आईने बापाला, बापाने गावकीच्या, म्हणजे गावातल्या पंचमंडळींच्या, प्रमुखाला. म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. गावकीचे प्रमुख म्हणजे माझे चुलत दीर. त्यांना मी भाऊजी म्हणते आणि आमच्यात त्या मे महिन्यापासून जे चालू आहे ते अजून मिटलेलं नाही, हेही सांगून टाकते.

सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बैठक बसली. तिथे बायकांना जागा नसते, पण मी पाटील, म्हणून एका कडेला खुर्ची मिळाली. ठरलं असं: त्याने देवळाच्या जीर्णोद्धाराला दंड भरायचा, ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि दोन शिमगे गावात पाऊल टाकायचं नाही. मग पावतीपुस्तक निघालं. पावती ‘देणगी’ म्हणून फाडायची की ‘दंड’ म्हणून, यावर खल सुरू झाला. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचे खजिनदार म्हणाले, दंड लिहिलं तर हिशेब तपासणारा विचारील कसला दंड. ते चांगले शिकलेले गृहस्थ, ऑफिसातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ही चर्चा रंगली तेवढ्या वेळात पोराचं नाव एकदाही कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्याला डॉक्टरकडे नेलं का, असं मी विचारलं तर, “आता सगळं मिटलंय, तुम्ही उकरू नका.”

मी सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला गेले. ठाण्यात साहेबांचं पहिलं वाक्य, “आईबापांना घेऊन या.” कलम 19 म्हणतं की असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची आहे. कोणत्याही. आईबापच हवेत असं त्यात कुठेही नाही. मी लेखी दिलं, पोच मागितली आणि बाकावर बसून राहिले. पोलीस पाटील असून ही तऱ्हा, तर त्या आजीला तिथे कुणी उभं केलं असतं?

एक गोष्ट मात्र चांगली झाली आणि ती सांगितली नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. जबाब घ्यायला दुसऱ्या ठाण्याच्या महिला उपनिरीक्षक आल्या. साध्या सलवार-कमीजमध्ये, गाडी पाणंदीच्या तोंडाशी ठेवून चालत. कायदाच तसा आहे: जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, गणवेश नको, शक्यतो महिला अधिकारी आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ. पोर आजीबरोबर मागच्या पडवीत रातांबे फोडत बसलं होतं. मॅडम चटईवर बसल्या, त्यांनीही रातांबे ओढले आणि बिया एकीकडे, सालं एकीकडे करू लागल्या. बराच वेळ कोकमाच्या सालांवरच बोलणं चाललं होतं, मीठ कधी घालायचं, ऊन किती दाखवायचं. पोराने त्यांची चूक काढली, सालं उताणी टाकायची असतात म्हणून. मग पोर आपणहून बोललं. मॅडमनी जबाब लिहायला घेतला तेव्हा त्यांची बोटं लाल झाली होती आणि पहिल्या कागदाच्या कोपऱ्याला डाग पडला. तो कागद त्यांनी फाडून पुन्हा लिहिला, कारण पुढे वकील त्या डागावरूनही प्रश्न विचारील म्हणाल्या. अशा दोन बायका प्रत्येक तालुक्यात नेमा, मग फाशीचं बोलू.

खटल्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. आमच्याकडे अशा निकालाच्या बातम्या मोजक्याच असतात, लगेच ओळख पटेल. एवढंच सांगते की कलम 35 म्हणतं साक्ष तीस दिवसांत नोंदवा, खटला शक्यतो वर्षात संपवा. त्यातला ‘शक्यतो’ आमच्या वाट्याला आला. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तपास दोन महिन्यांत पुरा करायचं बंधन आलंय, ते बरंच आहे. पण तारखांच्या मधल्या काळात आईवर सासरचा, माहेरचा, मंडळाचा जो दाब येतो, त्याचं काय? पोराबरोबर कोर्टात येणारी, पुढे काय होणार ते समजावणारी सहाय्यक व्यक्ती नेमायची सोय पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत आहे. आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे मी आणि माझी छत्री.

भाऊजींचा मुद्दा काय होता ते प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणाले, “पूर्वीसारखी दोन-चार वर्षांची शिक्षा असती तर एक वेळ आम्हीच त्याला ठाण्यात नेला असता. वीस वर्षं म्हणजे त्याची बायकापोरं रस्त्यावर. घरातल्याच माणसाला कोण असा गाडील?” मुळात त्यांना वाटत होतं की पॉक्सो म्हटलं की सरसकट वीस वर्षं. तसं नाही. गुन्ह्याच्या प्रकारानुसार तीन ते पाच, पाच ते सात अशाही पायऱ्या आहेत. पण बघा, तुम्ही शिक्षा वाढवली ती बातमी गावात पोचली आणि तिचा परिणाम काय झाला? आजीचं तोंड बंद करायला भाऊजींना एक कारण मिळालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा, बलात्काराच्या पॉक्सो प्रकरणांत दहातले नऊहून जास्त आरोपी ओळखीचे निघतात. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. झुडपातून उडी मारणारा अनोळखी राक्षस असता तर गावकीने स्वतः दोर आणला असता.

आणि हे मिटवणं कायद्याला मान्य आहे असं वाटत असेल तर तेही चूक. राजस्थानातल्या एका प्रकरणात शिक्षक आणि पीडितेचे वडील यांच्यात तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. बापाने सही केली म्हणून पोराचा गुन्हा मिटत नाही. त्याआधी 2022 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने परत उभा केला. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम 21, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. सहाणेवर बसलेल्यांपैकी कुणावर हे कलम लागलं? कुणावरही नाही.

कायदा कडक करायचाच असेल तर इथे करा. बैठक बोलावणारा, दंड ठरवणारा, आईला गप्प बसवणारा, यांच्यासाठी वेगळं कलम आणा आणि ते तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका. शेजारच्या गोव्याने 2003 मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा आणि बाल न्यायालय आणलं, देशाचा कायदा यायला 2012 उजाडलं. म्हणजे एखाद्या राज्याने मनावर घेतलं तर जमतं.

माझं काय झालं असं विचाराल. त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे आरतीला एक माणूस आला नाही. शिमग्याला पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि आमच्या गडग्यावरून सरळ पुढे गेली. मुंबईच्या लोकांना यात काय एवढं असं वाटेल. सासूबाई ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा कायदा केलाय, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मी त्याखाली अर्ज लिहिला आणि तो द्यायच्या आधी भाऊजींना वाचायला दिला. पुढच्या शिमग्याला पालखी आली. भाऊजी आले नाहीत. काही म्हणा, हा कायदा मला पॉक्सोपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण तो नेमका मिटवणाऱ्यांना लागतो.

आता दोन गोष्टी राहिल्या. मी वकील नाही, तुमच्याकडे खरंच प्रकरण असेल तर 1098 ला फोन करा किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा, माझ्या उत्तरावर विसंबू नका. घाबरून तक्रारीवर सही करायला नकार देणाऱ्या आईला कलम 21 लावा असं मी म्हणत नाही, तिला आधी आधार द्या. आणि सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने वीस वर्षांच्या पोराबरोबर पळून गेली की तिचा बाप हेच पॉक्सो घेऊन ठाण्यात धावतो, तिथे गावकीसुद्धा सोबत जाते. त्या पोरालाही हीच कलमं लागतात. सरसकट फाशी मागणाऱ्यांनी तेवढं डोक्यात ठेवावं.

खोट्या तक्रारीचं म्हणाल तर भाऊजींचाही तोच प्रश्न असतो, “आणि खोटं निघालं असतं तर?” त्याला कलम 22 आहे, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला नाही. तेव्हा मी जाणूनबुजून खोटं लिहिलं असतं तर पहिली मी आत गेले असते, कारण लेखी माझं होतं. हे त्यांना सांगितलं की ते हापूसच्या पेटीचा भाव विचारतात.