गोल असली तरी तंतुकणिकाच?

दापोलीच्या एका ताई बारावीच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढतायत, त्यांनी विचारलंय की नुकतंच फलन झालेल्या मानवी अंडपेशीत मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले बारीक भाग, मराठीत तंतुकणिका) चक्क गोल असतात, मग तिथे 'तंतुकणिका' लिहिलं तर चुकेल का. ताई, बिनधास्त लिहा, फक्त शब्द पहिल्यांदा येईल तिथे आकार सांगून टाका.

मूळ शब्द जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडाचा, १८९८ चा. ग्रीक मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे बारीक कण, मराठीत त्याचं सरळ तंतू अधिक कणिका झालं. गंमत म्हणजे बेंडा बघत होता शुक्राणू तयार होताना, तिथे हे कण धाग्यासारखे ओळीने दिसतात, म्हणजे नाव पडलं बापाकडच्यांवरून आणि आपल्याला मिळतात त्या आईकडच्या! शुक्राणूतल्याही अंड्यात शिरतात पण त्यांच्यावर खूण पडते आणि अंडपेशी त्यांना मोडून टाकते.

आता अंड्यातल्या. लाखाच्या घरात असतात, गोल नाहीतर लंबगोल, आतला भाग दाट, आणि पुस्तकात आपण ज्या भरगच्च घड्यांचं चित्र काढतो (शिखा म्हणतात त्यांना) त्या इथे थोड्याच, आखूड, कडेला कमानीसारख्या. स्नायूपेशीतल्या बघून इथल्या बघितल्या तर ओळखू येणार नाहीत. फलनानंतर आई-बापाची दोन केंद्रकं जवळ येतात, तेव्हा यातल्या बऱ्याच त्यांच्याभोवती गोळा होतात, हर्णै बंदरात मासळीचा लिलाव लागल्यावर माणसं टोपलीभोवती जमतात तशा. मग पाचेक दिवसांनी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी असलेला पेशींचा गोळा, गर्भाची सुरुवातीची अवस्था) होतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या थरात त्या लांबट व्हायला लागतात, घड्याही वाढतात. म्हणजे तोवर नावातली फक्त 'कणिका' लागू. कण्यांची पेज आपण खातो ना, ती कणी याच कुळातली.

म्हणून अंड्यापुरता नुसता 'कणिका' असा वेगळा शब्द काढू नका, मुलं गोंधळतील, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमपासून सगळ्यांनाच कण म्हणतात.

आणि नोट्समध्ये 'तंतूकणिका' दीर्घ लिहू नका, सुटा तंतू दीर्घ पण समासात तंतु ऱ्हस्व. अनेकवचनही तेच, एक तंतुकणिका, लाख तंतुकणिका. 'मायटोकाँड्रियाज' तर नकोच, मायटोकाँड्रिया हेच मुळात अनेकवचन आहे.