हातातलं एक्सआरएफ पहिल्यांदा वापरताना

भाऊ, हातातलं एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण सोडून मातीत कोणतं मूलद्रव्य किती आहे ते सांगणारं यंत्र. त्याने खनिज शोधायचं तर आधी माती वाळव. ओल्या मातीवर आकडे कमीच येतात. वाळवून, चाळून, पातळ पिशवीत भरून मग मोज.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: आपल्या बेसॉल्टवरच्या काळ्या मातीत तांबं मुळातच १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास असू शकतं. तेवढ्यावर तांब्याचा साठा सापडला म्हणून हुरळू नको. चंद्रपुरात ठाणेवासन्याकडे खडक ग्रॅनाइटचा, तिथे तोच आकडा जास्त बोलका. म्हणून आजूबाजूची साधी माती आधी मोजून ठेव.

- सोनं थेट शोधू नको, मातीतलं त्याचं प्रमाण सहसा यंत्राच्या आवाक्याबाहेर असतं. सोन्यासोबत बरेचदा आढळणारं आर्सेनिक बघ, शिसं भरपूर असेल तर मात्र तोही आकडा फसवा.
- रोज सकाळी प्रमाणित नमुना (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा) यंत्रावर तपास.
- नमुना हातात धरून किरण कधीच सोडू नको!