युगांडाला यायच्या आधी रात्री दोनला वॉर्डात कोण असतं ते विचारा

डॉक्टर, तुमचा मजकूर दोनदा वाचला. सर्जरीत एमएस होऊन चार वर्षं झालीत, पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात आहात आणि पूर्व युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलने दोन वर्षांसाठी बोलावलंय. तुम्ही विचारता, तिथे कोणती कामं पडतील, दुर्बिणीच्या ऑपरेशनवरचा (लॅपरोस्कोपीचा) हात जाईल का, सोबत काय आणायचं, आणि वहिनींना नि पाच वर्षांच्या मुलीला आणावं का. मी मूळचा परभणीचा, इथे नऊ वर्षं झाली. पहिली तीन एका हॉस्पिटलात काढली, नंतर दुसरीकडे आलो. का बदललं ते खाली येईलच.

दुर्बिणीचं आधी उरकतो. हात जाईल. सुट्टीवर घरी गेलात की जुन्या सरांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) पंधरा दिवस उभे राहा, बराचसा परत येतो. मी तेच करतो. आतडं जोडायचा स्टेपलर मात्र विसरा. इथे आतडं हाताने शिवायचं, आणि दोरा कुठला तर जो कपाटात असेल तो.

आता कामाचं. हर्निया आणि सिझेरियन सोडले तर तुमचे बहुतेक दिवस सडलेल्या पोटात जाणार आहेत. आपल्याकडे अपेंडिक्सचा पेशंट दुखायला लागल्याच्या दिवशीच सोनोग्राफी करून येतो, इथे तो चौथ्या दिवशी येतो. आधी गावातला जडीबुटीवाला, मग जवळचं हेल्थ सेंटर, तिथे मलेरियाचं औषध, मग गाडीभाड्याची जुळवाजुळव. उशीर का केला म्हणून कुणावर ओरडू नका. मी पहिलं वर्ष ओरडण्यातच घालवलं.

मुलांमध्ये टायफॉइडने फुटलेलं आतडं खूप दिसेल. पश्चिमेला कासेसे जिल्ह्यात २००८-०९ च्या साथीत दोनशेहून जास्त पेशंटांची आतडी फुटली होती. एकच भोक असेल तर कडा साफ करून शिवा, जवळजवळ तीन-चार असतील तर तेवढा तुकडा काढा. पुस्तक म्हणतं, पेशंट फारच खराब असेल तर आतडं पोटावर बाहेर काढा, म्हणजे आयलिओस्टॉमी करा. इथे त्यावर चिकटवायची पिशवीच मिळत नाही. आई फडकं नाहीतर प्लॅस्टिक बांधते, कातडी सोलून निघते, आणि पातळ शौचातून मूल आठवड्यात सुकून जातं. त्यामुळे आयलिओस्टॉमीचा निर्णय पुण्यात घ्याल तितक्या सहज घेऊ नका. कधीकधी दुसरा मार्ग नसतो, तेव्हा कराच.

मोठ्या माणसांत आतड्याला पीळ, तोही सिग्मॉइडचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागाचा. महाराष्ट्रात रेसिडेन्सीत मी चार-पाच पाहिले होते, इथे तेवढे कधी महिन्यात होतात. एक्स-रेवर कॉफीच्या बीसारखी सावली दिसते. एल्गॉन डोंगराच्या उतारावर कॉफीच पिकते, त्यामुळे नर्सिंगच्या मुलींना ही खूण समजावावी लागत नाही. पोट मऊ असेल तर रिजिड सिग्मॉइडोस्कोपमधून (गुदद्वारातून घालायच्या ताठ नळीतून) वायू काढायची फ्लॅटस ट्यूब सरकवा, बादली जवळ ठेवा आणि तुम्ही बाजूला उभे राहा. पोट डोळ्यांदेखत उतरतं, पेशंट हसतो, घरी जातो म्हणतो. जाऊ देऊ नका. त्याच खेपेला तो भाग काढून टाका. एकदा शेतावर गेला की तो पुढच्या पिळालाच येणार, आणि तेव्हा आतडं काळं पडलेलं असेल.

मार लागलेल्यांत बोडा-बोडा. भाड्याची मोटरसायकल, चालक धरून चार जण, हेल्मेट एकाकडेही नाही. बऱ्याच बोडा आपल्या बजाजच्या बॉक्सर असतात, ओळखीचं नाव पाहून पहिल्या आठवड्यात बरं वाटलं होतं. हँडल पोटात घुसलेला पेशंट आला की सीटी नाही हे गृहीत धरा. हातात मावणारं सोनोग्राफी मशीन असलं तर पोटातलं रक्त दिसेल. नसलं तर तुमचा हात आणि घड्याळ. दर चार तासांनी त्याच हाताने पोट चाचपायचं आणि नाडी लिहून ठेवायची. मलेरियाने वाढलेली प्लीहा साध्या धक्क्यानेही फाटते. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड स्वस्त आहे, मिळतं, पण ते पहिल्या तीन तासांतच कामाचं, आणि तीन तासांत आमच्याकडे फार थोडे पोहोचतात.

रक्ताचं नीट ऐका. रक्तपेढीचे बरेचसे दाते शाळेतली मुलं. शाळांना सुट्टी लागली की फ्रीज रिकामा. म्हणून पोटातलंच रक्त परत चढवायला शिका. प्लीहा फाटलेली असो की बीजवाहिनी (गर्भाशयाची नळी), पोट उघडताच सक्शन लावायचं नाही. निर्जंतुक स्टीलच्या वाटीने रक्त उपसायचं, गाळणीवर गॉझच्या आठ घड्या ठेवून त्यातून सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असलेल्या पिशवीत ओतायचं, आणि पिशवी बाजूला ठेवायची. आधी रक्तस्राव थांबवा. मग आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून काढा. कुठेही फुटलेलं नसेल, वास येत नसेल, तरच ती पिशवी वर टांगायची. माझ्या पहिल्या वेळी ॲनेस्थेटिक ऑफिसर (इथे भूल बहुतेक वेळा डॉक्टर देत नाही, हे लोक देतात, आणि केटामाइन या भुलीच्या औषधावर त्यांचा हात माझ्या-तुमच्यापेक्षा चांगला असतो) मला शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, वाटी तिरकी धरा, फेस होतोय." दोन पिशव्या भरल्या. ती बाई नवव्या दिवशी चालत घरी गेली.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते ओटीतलं नाही.

पहिल्याच वर्षी, आधीच्या हॉस्पिटलात, अकरा वर्षांचा मुलगा आला. टायफॉइड, एकच भोक, तिसरा दिवस. संध्याकाळी सातला पोट उघडलं, दीड तासात बंद केलं, मनासारखं काम झालं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या, विजेवरच्या मशीनवर) ठेवला आणि मी जेवून झोपलो. वॉर्डात शेहेचाळीस खाटा आणि एक सिस्टर. एकच्या सुमाराला वीज गेली. जनरेटरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची तो घरी गेला होता. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका रक्तस्रावात अडकलेली. पहाटे पाचला मी गेलो तेव्हा मुलाची आई आपल्या लेसूच्या (अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाच्या) पदराने त्याला वारा घालत बसली होती. मूल गार पडलं होतं. ती म्हणाली, "मुसावो, मशीन झोपलं." मुसावो म्हणजे डॉक्टर. टाक्यांत काही चूक नव्हती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दोनला एक फेरी मारली असती तर, हे आजही डोक्यात येतं. किल्ली आणि ऑक्सिजनचं सिलिंडर या दोन गोष्टींसाठी मी तिथे दोन वर्षं भांडलो, मग सोडलं.

हे एका हॉस्पिटलचं रडगाणं नाही. २०१८ साली आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या २४७ हॉस्पिटलांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ११,४२२ पेशंटांचा. ऑपरेशननंतरचे मृत्यू जगाच्या सरासरीच्या दुप्पट, आणि पेशंट आपल्याहून तरुण, धडधाकट. मेलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के टेबलावर नव्हे, ऑपरेशनच्या दिवसानंतर गेले. सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ मिळून लाख माणसांमागे एकही पुरा भरत नव्हता.

म्हणून ऑफर देणाऱ्यांना ओटीत लाइट कुठला आहे हे विचारू नका. रात्री दोनला सर्जिकल वॉर्डात किती सिस्टर असतात? वीज गेल्यावर जनरेटर कोण आणि किती मिनिटांत सुरू करतं? ऑपरेशन झालेल्याच्या उशाशी भरलेलं सिलिंडर असतं का? पल्स ऑक्सिमीटर किती, आणि त्यातले चालू किती? असे प्रश्न विचारा. मेडिकल सुपरिटेंडेंटने लगेच उत्तरं दिली तर या. "सगळं आहे" एवढंच म्हणाले तर तीन महिन्यांचा करार मागा. आता मी आहे तिथे नाजूक पेशंट सिस्टरच्या टेबलाला लागून ठेवतो, आणि लघवीची पिशवी कुठल्या रेघेपर्यंत भरली ते नातेवाइकाला बघायला लावतो. इथे प्रत्येक पेशंटजवळ घरचं कुणीतरी असतंच, स्वयंपाकही तेच करतात. त्यांच्याइतकं जागं कुणी राहत नाही.

यायच्या आधी सहा आठवडे प्रसूती विभागात काढा. सिझेरियन आणि फाटलेलं गर्भाशय तुमच्याकडेच येणार. मोडलेलं हाड बाहेरून धरणारा एक्स्टर्नल फिक्सेटर बसवणं, स्किन ग्राफ्ट (कातडी लावणं), स्वतः स्पायनल (पाठीतून भूल) देणं आणि हातड्रिलने कवटीला भोक पाडणं हेही शिकून या. हर्नियासाठी जाळी कुठून आणायची म्हणता, तर उत्तर आपल्या धुळे जिल्ह्यात आहे. दोंडाईच्याच्या डॉ. तोंगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. पुढे इथेच, युगांडातल्या कामुलीत, ३०२ पुरुषांवर तशी स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची तुलना झाली आणि २०१६ साली ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. वर्षभराने दोन्हींत सांगण्यासारखा फरक नव्हता. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र चुकूनही वापरू नका. खुर्ची-टेबल आणू नका, पण चांगला हेडलाइट, स्वतःचे दोन-तीन नीडल होल्डर, पल्स ऑक्सिमीटर आणि गमबूट आणा.

सुई टोचली तर लाजून गप्प बसायचं नाही. एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. उत्तर युगांडातल्या गुलूजवळच्या लाकोर हॉस्पिटलच्या सर्जन ल्युसील टीसडेल यांना ऑपरेशन करतानाच एचआयव्हीची लागण झाली होती. त्या १९९६ साली गेल्या. डबल ग्लोव्ह्ज आणि डोळ्यांवर चष्मा, मग कितीही उकडो.

वहिनींचं म्हणाल तर आधी तुम्ही एकटे या, तीन महिने बघा. लहान गावात शाळेचा प्रश्न खरा आहे. जेवणाचा नाही: तूरडाळ, कणीक, मसाले गुजराती दुकानांत मिळतात, आणि चपाती तर रस्त्यावर मिळते, आत आम्लेट गुंडाळून, तिला रोलेक्स म्हणतात. पगार पुण्यापेक्षा कमीच असेल, घर बहुधा ते देतील. लिहून घ्या.

कागदपत्रांत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नसल्याचा दाखला) आत्ताच मागवा, इथल्या कौन्सिलची नोंदणी त्याशिवाय पुढे सरकत नाही. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. तिचं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. ते हरवलं तर परतताना मुंबईला सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. आमच्याकडच्या एका फिजिशियनची दिवाळी तशीच गेली.