फुटका टेललाइट

‘मॅडम, पार्टनरशी बोलणंच बंद झालंय. फर्म मोडू का?’ समुपदेशनाच्या कामात महिन्यातून दोनतीनदा तरी हे ऐकते. कधी धंद्यातले भागीदार, कधी सख्खे भाऊ. म्हणून हा एक अनुभव. ओळख पटेल ते सगळं बदललंय.

भोसरीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारे गृहस्थ. बावीस वर्षांची भागीदारी, त्यातली शेवटची दोन अबोल्याची. निरोप सुपरवायझरमार्फत. चौथ्या भेटीत म्हणाले, ‘‘ट्रू डिटेक्टिव्ह बघितलंय? आमचं रस्ट आणि मार्टीसारखं झालंय. संपलं.’’

त्या अमेरिकन मालिकेचा 2014 सालचा पहिला सीझन मी बघितलेला. रस्ट आणि मार्टी हे लुइझियानातले दोन डिटेक्टिव्ह. 1995मध्ये एकत्र खुनाचा तपास करतात, 2002मध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये रक्तबंबाळ होईस्तोवर मारामारी, पुढे दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मार्टीची बायको मॅगी रस्टबरोबर गेली म्हणून भांडण, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. मार्टीच्या बाहेरख्यालीपणाने घर आधीच पोखरलेलं. लग्न कायमचं तुटावं म्हणून मॅगी मुद्दाम रस्टकडे गेली. दोघांत जे बोललं जात नाही ते तिसऱ्यामधून वाट काढतं, हे मी पंधरा वर्षं बघतेय. (भोसरीत तो तिसरा म्हणजे बिचारा सुपरवायझर.)

मी विचारलं, ‘‘2012मध्ये नवे पोलीस दोघांची वेगवेगळी चौकशी करतात, तेव्हा काय होतं?’’

‘‘1995च्या तपासात संशयिताला मारलं, त्या चकमकीची दोघांनी मिळून रचलेली तीच खोटी गोष्ट सांगतात. दोघंही.’’

‘‘दहा वर्षं बोलणं नसताना?’’

ते गप्प.

‘‘गिऱ्हाइकांना पार्टनरबद्दल काय सांगता?’’

‘‘साइटवर गेलाय म्हणतो.’’

‘‘आणि बँकेत?’’

‘‘चेकवर दोघांच्या सह्या लागतात. तो कोरे चेक सही करून ठेवतो. मीही...’’

वाक्य तिथेच राहिलं. ‘‘सही केलेले कोरे चेक,’’ ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. बँकेचा प्रश्न मी ठरवून आणला नव्हता, आयत्या वेळी सुचला; त्याचं समाधान अजून वाटतं. बोलणं थांबलं की विश्वासही गेला, असं माणसं धरून चालतात. आधी तपासून बघा. पैशात फसवणूक झाली असेल तर मात्र माझ्याकडे नको, वकिलाकडे जा.

विश्वास शिल्लक असेल तर माफीने सुरुवात करायची घाई नको. रस्टनेही अर्धवट राहिलेली केसच मार्टीसमोर ठेवली. अडलेलं काम घेऊन स्वतः जा, निरोप्या मधून काढा.

मारामारीत फुटलेला रस्टच्या ट्रकचा टेललाइट दहा वर्षांनीही तसाच असतो. ‘‘तुमचा टेललाइट कुठला?’’ मी विचारलं.

‘‘त्याची खुर्ची. मी तिच्यावर बिलांचे गठ्ठे ठेवलेत.’’

पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि एक रखडलेलं कोटेशन घेऊन पार्टनरला हाक मारली. तो येऊन बसला, कागद चाळला आणि म्हणाला, ‘‘कॉपरचा रेट जुना धरलायस.’’