नियम एक, वस्त्रं निरनिराळी

प्रश्न : केरळातल्या कुरिसुमला आश्रमातले ख्रिस्ती साधू भगवी वस्त्रं घालतात, गाई पाळतात. युरोपातले काही काळ्या झग्यात, काही पांढऱ्या. मग सगळ्यांचा नियम एकच कसा?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, हा नियम म्हणजे मठात कसं राहायचं ते सांगणारं पुस्तक. संत बेनेडिक्टने ते सहाव्या शतकात इटलीत लिहिलं, 73 प्रकरणांचं. बेनेडिक्टाइन, 1098 मध्ये फ्रान्सात निघालेले सिस्टर्शियन आणि त्यांच्यातलेच जास्त कडक ट्रॅपिस्ट, साधूंचे हे तिन्ही संघ तोच नियम पाळतात. कुरिसुमला सिस्टर्शियन परंपरेतला. कपड्याचं उत्तर 55व्या प्रकरणात आहे : रंगावरून कुरकुर नको, त्या मुलखात स्वस्तात मिळेल ते घाला. शिवाय दर मठाचा कारभार वेगळा. मठाधिपती तिथलेच साधू निवडतात.

मला सगळ्यात भावतं ते अवजारांचं. कोणाला काय दिलं, परत काय आलं, याची यादी मठाधिपतीनं ठेवायची. मठाची चीजवस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची! पोळ्याला आपण बैल पुजतो, अन् डवऱ्याची फास मात्र मातीसकट कोठ्यात गंजते. माझ्याकडे आता विळे पुसूनच खुंटीला लागतात. कोणी काय नेलं ते दारामागं खडूनं लिहितो.

कुरिसुमलाला गेलात तर मुक्कामाचं विचारा. आलेला पाहुणा ख्रिस्तच समजावा, असं 53वं प्रकरण सांगतं.