मावशी आखाजीला निघाल्या, आता घर कोण बघणार?

पत्र असं आहे :

«ताई, मी भुसावळची. जळगावला बँकेत आहे, रोज अप-डाऊन करते. मिस्टर रेल्वेत, त्यांची ड्यूटी फिरती. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. सासूबाई आमच्यातच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. धुणं, भांडी आणि फरशीला मावशी येतात. परवा त्यांनी सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याकडे माहेरी जाणार, पंधरा दिवस येणार नाही. ऐकून धस्स झालं. नळ चौथ्या दिवशी येतो, तोही वेळ सांगून नाही. त्यात सासूबाईंचं म्हणणं, उडदाचे पापड, कुरडया आणि बिबडे (ज्वारीचे पापड) घरीच व्हायला हवेत, बाहेरच्याला चव नसते. मिस्टर म्हणतात, दुसरी बाई बघ, पैसे जास्त लागले तर देऊ. ते वाईट नाहीत, सांगितलं की करतात. पण मी पहाटे साडेचारला उठते ती रात्री अकराला पाठ टेकते. माझंही माहेर जवळच, अमळनेरला, पण आखाजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मावशींचा पंधरा दिवसांचा पगार कापावा का? डिशवॉशर किंवा पोळ्यांचं मशीन घेऊ का? वेळेचं नियोजन कसं करू, ते सांगा. — एक थकलेली सून»

ताई,

आधी पगाराचं सांगते, कारण त्याला एक ओळ पुरे. कापू नका. तुम्हाला बँकेत रजा पगारी मिळते ना? मग मावशींनाही मिळू द्या, आणि निघताना हातावर सणाचे चार पैसे जास्त ठेवा. आखाजीला खान्देशातली कुठलीच सासुरवाशीण मनाने सासरी नसते. झोके, गौराई, गाणी, पुरणपोळी आणि आमरस, सांजोऱ्या हे सगळं माहेरच्या अंगणातलं. वर्षभर आपल्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला त्या अंगणात पंधरा दिवस मिळाले, तर आपण तोंड वाकडं करायचं कारण नाही. दुसरी बाई शोधण्यातही वेळ घालवू नका. ती सापडलीच तर तिचंही माहेर असणार, आणि मावशींची जाऊ बदलीला यावी म्हटलं तर तीही निघालेली असणार.

एक काम त्या परत आल्यावर करा. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या घरकामगार महिलेला त्या मंडळात नोंदणी करता येते. मावशींची झाली आहे का, विचारा. नसेल तर अर्ज भरायला बसा त्यांच्याबरोबर, बँकेतल्या माणसाला फॉर्म भरणं काही नवीन नाही.

आता तुमचं. पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : «सांगितलं की करतात.» तुमच्या घरात काम करू शकणारी पाच माणसं आहेत आणि काय करायचं हे माहीत असणारं माणूस एकच आहे. गॅसचं सिलिंडर कधी संपेल, नळ परवा आला होता की तेरवा, मुलाचा गणवेश धुतला का, डाळ भिजत घातली का, हे सगळं तुमच्या डोक्यात. ट्रेनमध्ये खिडकीशी बसून तुम्ही बहुतेक हाच हिशोब करत असाल. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटं, असं निघालं. आठवण ठेवण्याची मिनिटं त्यात धरली असतील, असं मला काही वाटत नाही.

म्हणून वेळेच्या नियोजनाचा कागद मी तुम्हाला देणार नाही. साडेचारच्या जागी चारला उठा, एवढंच त्यातून निघेल. त्यापेक्षा या पंधरा दिवसांत एकेक काम मुळापासून दुसऱ्याच्या नावावर करा. «जरा मदत करा» असं म्हणू नका. मदत म्हटली की काम तुमचंच राहतं.

पाण्यापासून सुरू करा आणि पाणी मिस्टरांना द्या. पूर्ण पाणी. नळ कधी येणार याची गल्लीत किंवा वॉर्डाच्या ग्रुपवर चौकशी, मोटर लावणं, वरची टाकी, खालची टाकी, प्यायचं पाणी गाळून माठात आणि पिंपात, आणि टाकी उतू जायच्या आत मोटर बंद. ते नाइटला असतील तर त्या दिवशी नळाकडे कोण बघेल हेही त्यांनीच ठरवायचं, तुम्हाला न विचारता. रेल्वेत माणूस ड्यूटी सोडताना चार्ज देऊन जातो, ही गोष्ट त्यांना नव्याने शिकवावी लागणार नाही. याच्यातच आणखी एक जोखमीचं काम येतं. चार दिवसांचं पाणी साठवणाऱ्या घरात डेंग्यूचा डास साठवणीतच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एक दिवस ड्रम, पिंप आणि कूलरची टाकी रिकामी करून आतून ब्रशने घासायची आणि कोरडी करायची. कूलर तर नक्कीच, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याच्या पोटात कोणी डोकावत नाही. हाही दिवस मिस्टरांचा.

पहिल्या आठवड्यात एकदा तरी पाणी चुकेल. नळ येऊन जाईल, टाकी अर्धीच राहील. तेव्हा तुम्ही धावत जाऊ नका. बादलीभर पाण्यात आंघोळ होते. शेजारून दोन हंडे मागायची वेळ आली तर तेही त्यांनाच मागू द्या. ज्या घरात बाई दर वेळी सावरून घेते तिथे दुसऱ्या कुणाला आठवण राहत नाही, हे मी या स्तंभाला येणाऱ्या पत्रांत पुन्हा पुन्हा वाचते.

भांडी मुलांची. नववीतली आणि पाचवीतला, दोघंही मोठे आहेत, आणि हे फक्त मुलीवर टाकू नका, मला त्याची भीती वाटते. प्रत्येकाचं एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवलं की ज्याचं त्याने घासून पालथं घालायचं. डबा शाळेतून आला की लगेच. कढई आणि कुकर रिकामे झाल्याबरोबर पाणी घालून ठेवले तर निम्मं घासणं वाचतं. फरशी रोज पुसली नाही तर काही होत नाही. रोज केर, पुसणं एक दिवसाआड, आणि तेही बसून नको, दांड्याच्या पोछ्याने. कपडे नळाच्या दिवशी. मशीन घरात असेल आणि «कॉलर निघत नाही» म्हणून पडून असेल, तर कॉलरला आधी साबण चोळा आणि बाकीचं मशीनला करू द्या. आपलं ऊन तर फुकटचं आहे. कपडे उलटे करून, चांगले झटकून वाळत घातले की रंगही टिकतो आणि रोजच्या कपड्यांची इस्त्रीही टळते.

स्वयंपाकात मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची पहाट तिथेच जाते. संध्याकाळी पोळी-भाजी कशासाठी करता? खान्देशात रात्री खिचडी, त्यावर कच्चं तेल, सोबत पापड आणि ठेचा, यात कमीपणा कुठला आहे? पिढ्यान्‌पिढ्या जेवलो आहोत आपण हे. मिस्टरांना रात्री पोळी लागतेच असं ते म्हणत असतील, तर खुशाल लाटावी त्यांनी. रविवारी दोन गोष्टी करून ठेवा. एक, रश्शाचं वाटण : कांदा-खोबरं छान काळपट भाजून, लसूण-आलं घालून, पाणी न घालता तेलावर परतून घट्ट डब्यात. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, फ्रीजरमध्ये त्याहून जास्त. शेवभाजी मग पंधरा मिनिटांत. दोन, भरताची वांगी रात्रीच भाजून, सोलून, ठेचून फ्रिजमध्ये. सकाळी मिरची-लसणाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे, झालं. काडीवर भाजल्याची चव येणार नाही, ती हिवाळ्यात शेतावर खाऊ. दोन दिवसांत संपवा मात्र. आणि उन्हाळ्यात एक पथ्य पाळा : शिजलेलं अन्न ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नका. पारा 44 वर असताना सकाळचं वरण दुपारी नाकाला बरं वाटलं तरी पोटाला बरं असेलच असं नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण एका बाबतीत त्यांचं खरं आहे, घरच्या बिबड्याची चव बाहेर मिळत नाही. पण पापड, कुरडया आणि बिबडे हे तिन्ही एका उन्हाळ्यात, मावशी नसताना, नोकरी सांभाळून? कुरडईचा गहूच तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, चीक काढायचा, पुन्हा पहाटे उठून तो शिजवायचा. हे काम पूर्वी एका घरात एकटी बाई करत नव्हती. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, गल्लीतल्या चार जणी मिळून करायच्या. त्या चार जणी आता कामाला जातात आणि काम मात्र तेवढंच एका सुनेकडे राहिलंय. सासूबाईंना हे याच शब्दांत विचारा, भांडणाच्या सुरात नाही : «आई, तुमच्या वेळी गच्चीवर कोण कोण असायचं?» त्या नावं सांगतील. मग म्हणा, यंदा फक्त बिबडे घरी, तेही मावशी परतल्यानंतरच्या रविवारी. पीठ किती, मीठ किती, तीळ किती हे तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. हलवायला हे, पसरायला मुलं. बिबड्याच्या शिजवलेल्या गरम पिठावर, घाट्यावर, तेल घालून खायला मिळणार म्हटल्यावर मुलं पहाटे उठतात. पापड आणि कुरडया बचत गटाकडे सांगा. तिखट किती, लाट्या केवढ्या, हे सांगायला सासूबाईंनाच फोन करू द्या. त्या गटातल्या बायकांशी त्यांचं छान जमेल, कदाचित जास्तच.

उद्या काय शिजवायचं, हा रोजचा प्रश्नही त्यांच्याकडेच द्या. लसूण सोलणं, भाजी निवडणं बसून होतं आणि ठरवणंही. मात्र त्यांनी सांगितलेलं मुकाट खायचं, मुलांनीसुद्धा. सलग तीन दिवस दाल-गंडोरी झाली तरी.

हे सगळं बोलायला वेळ चांगली निवडा. मिस्टर नाइट करून आलेत आणि तुमची गाडी चुकायला आलीय, तेव्हा नाही. त्यांचा रेस्ट असेल त्या दिवशी, सगळे बसलेले असताना, मावशी जायच्या आधी. आणि त्याच बैठकीत सांगून टाका की आखाजीला तुम्ही अमळनेरला जाताय, दोन रात्री, मुलांना घेऊन किंवा न घेता. बँकेला त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून रजेचा अर्ज आत्ताच टाका. भुसावळहून गाडी थेट आहे. मावशी नाहीत त्याच दिवसांत मी कशी जाऊ, असं तुमच्या मनात येईल. त्याच दिवसांत जा. पाणी कोणाचं, भांडी कोणाची हे तुमच्या मागेच घरात पक्कं होईल.

डिशवॉशरचं आत्ता ठरवू नका. वाईट वस्तू नाही ती, हाताने घासण्यापेक्षा पाणी कमी घेते. पण आपल्या पाण्याला तिच्यात मीठ वेळच्या वेळी भरावं लागतं, मोठी कढई आणि तवा तरीही हातानेच घासावा लागतो, आणि मावशींचं काम त्यामुळे कमी होणार असेल तर त्यांच्या पगाराचं काय, हे आधी त्यांच्याशी बोला. पावसाळ्यात बघू. पोळ्यांचं मशीन घेऊच नका. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत ते माळ्यावर आहे, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी त्यात होत नाही.